साय मोडू नये

१८ ऑगस्ट १९९६, रविवार

आज दूध करपलं. थोडंथोडकं नाही, पातेलं काळं होईस्तोवर. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते, तिथपर्यंत वास आला. धावत आत आले, तर हे शेगडीपासून चार हातांवर बसून निवांत पेपर वाचताहेत! "अहो, नाक शाबूत आहे ना?" म्हटलं. ह्यांनी पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लक्ष नव्हतं गं." ज्यांच्या नाकावर अख्खी वायनरी विसंबून आहे, त्यांना घरचं दूध करपलेलं कळत नाही. धन्य.

ही डायरी लेकीने, हर्षिताने, मदर्स डेला ती राहते त्या ट्रॉयहून पाठवली होती. फोनवर म्हणाली, "आई, जस्ट राइट इट आउट. डोन्ट येल ॲट बाबा." तीन महिने कपाटात होती. आज पातेलं घासता घासता वाटलं, ओरडून झालं, आता लिहून बघू.

लिहायचंच तर खरं लिहिते. मला संशय आहे. हे प्यायला लागलेत.

१९ ऑगस्ट, सोमवार

लिहिलं खरं, पण लिहिल्यावर झोप लागली नाही. ह्यांना, ज्ञानदेव वाघमाऱ्यांना, असलं काही म्हणणारा दुसरा कोणी भेटला असता तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

पण मी दारुड्याच्या घरात वाढलेय. आमचे बाबा दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन आले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणत, आणि आठवड्याने पुन्हा मोहाची मारून दारात पडलेले. आईने दोन मुली कशा शिकवल्या ते तिलाच ठाऊक. मला दारू बाटलीत दिसावी लागत नाही. ती मला पायात दिसते, जिभेत दिसते, सकाळच्या हातात दिसते.

म्हणूनच ह्यांना इथे नोकरी मिळाली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. केमिस्ट्री शिकायला अमेरिकेत आलेला माणूस, आणि नोकरी कुठली, तर शेरी करणाऱ्या वायनरीत! हे म्हणाले, "रत्ना, वास घ्यायचा, तोंडात फिरवायची आणि थुंकायची. तिथे सगळे थुंकतात." मी म्हटलं, ठीक आहे, पण ज्या दिवशी एक थेंब घशाखाली गेला, त्या दिवशी मी ह्या घरात नसेन. बावीस वर्षं झाली. मी शब्द मागे घेतलेला नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

उजवा पाय ओढतात. चप्पल फरफटत येते, आवाजावरून कळतं कुठल्या खोलीत आहेत. बोलणं इतकं हळू की "काय? काय?" करून माझाच घसा बसला. आणि टीव्ही बघताना उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरत असतो. "तंबाखू मळताय का काय?" विचारलं. हाताकडे असं बघितलं की जणू शेजाऱ्याचा हात आहे. मग तो मांडीखाली दाबून बसले.

बाबांचाही हात असाच थरथरायचा. पहिला पेला पोटात गेला की थांबायचा.

आज हे केस कापायला गेले तेव्हा गॅरेज धुंडाळलं. रंगाचे डबे, हर्षिताची जुनी सायकल, पुस्तकांची खोकी. बाटली एकही नाही. बाटली लागते कशाला? माणूस दिवसभर पिंपांमध्येच वावरतो.

७ सप्टेंबर, शनिवार

शेवटी तोंडावर विचारलंच. भाकऱ्या थापत होते, हे दाराशी येऊन उभे राहिले. उभे म्हणजे उभेच. आत येईनात, बाहेर जाईनात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी म्हटलं, "खरं सांगा, घेता का तुम्ही?"

"काय?"

"काय म्हणून काय विचारता? दारू!"

"नाही," म्हणाले. इतकं बारीक की ऐकू येण्याआधीच संपलं. निरपराध माणूस असा बोलतो का? मी असते तर भांडी फेकली असती. चेहऱ्यावर ना राग, ना दुःख. मी भाकरी तव्यावर टाकली आणि सांगून टाकलं, "सोमवारपासून शाळेतलं काम सुटलं की मी तुमच्या वायनरीत येऊन बसणार." मी शाळेच्या कँटीनमध्ये आहे, एक वाजता मोकळी होते.

मला वाटलं, चिडतील. तर म्हणाले, "ये. खरंच ये." आवाजात एकदम जीव आला. ही कुठली नवी चाल, देव जाणे. नाही, देव कुठला जाणतोय. मीच जाणून घेईन.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस पहारा चालू आहे. मालक हॉलिस म्हातारा आहे, भला आहे. "रत्ना, कम एनी टाइम," म्हणाला. सध्या द्राक्षं येताहेत, ट्रकांची रांग लागलेली, माशा, चिकचिक. पण ह्यांचं गोदाम मागे वेगळंच. गार, अंधारं, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि काळपट लाकडी पिंपं एकावर एक तीन थरांत. पहिले दोन दिवस नाकाला रुमाल लावून बसले. मोहाच्या वासाची भीती होती. पण हा वास तसा नाही. हा पिठाच्या गिरणीचा वाटतो.

इतक्या वर्षांत ह्या माणसाचं काम मी कधी बघितलंच नव्हतं. लोकांना सांगताना "फूड केमिस्ट" म्हणायचं आणि विषय बदलायचा. आज ह्यांनी सगळं दाखवलं. आधी फिक्या द्राक्षांची साधी वाईन करतात, गोडवा पार संपेपर्यंत आंबवलेली. तिच्यात थोडी द्राक्षाचीच स्पिरिट, म्हणजे कडक अर्क, घालतात आणि पिंप मुद्दाम अर्धवट रिकामं ठेवतात. एरवी हवा लागली की वाईनचं व्हिनेगर व्हायचं. पण हिच्यावर साय धरते. यीस्टची. एका पिंपाला पुढून काच बसवलीय, तिथे बॅटरी मारून दाखवली. खरंच दुधावर असते तशी, पांढरट, सुरकुतलेली, जाड साय. ती हवा अडवते आणि खालच्या वाईनला तिचा वास देते. स्पिरिट जास्त घातली तर साय मरते, मग ती वाईन उघड्या हवेत जुनी होत तपकिरी, दाट होते. तीही शेरीच, पण जात वेगळी. "जात" म्हणाले आणि मी डोळे वटारल्यावर "प्रकार, प्रकार" केलं.

सगळ्यात जुनी वाईन खालच्या थरात. बाटल्या भरायला तिच्यातली थोडीच काढायची, आणि तेवढीच वरच्या थरातून खाली घालायची, त्याच्या वरच्यातून त्याच्यात. पिंप कधीच पुरतं रिकामं करायचं नाही. नवी वाईन जुनीकडून वळण शिकते. मी म्हटलं, "म्हणजे विरजणच की हो!" हे हसले असावेत. आवाज तसा आला.

मग नमुना काढून दाखवला. लांब दांड्याची अरुंद पळी असते, ती वरच्या भोकातून सरळ एका झटक्यात आत घालायची. साय मोडू नये, हा इथला पहिला नियम. मग हात उंच करून पेल्यात बारीक धार सोडायची. हॉलिस सांगतो, ह्यांच्या धारेचा एक थेंब बाहेर जात नसे, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा. आज निम्मी धार ह्यांच्या बाहीवर. मी फडकं पुढे केलं. घरी येतात तेव्हा शर्टाला वास असतो तो सांडल्यामुळे, असं म्हणायला सोयच झाली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अजून एकदाही पिताना सापडले नाहीत. माझ्यासमोर पिणार तरी कशाला?

उलट मलाच कामाला लावलंय. पेला नाकाखाली धरतात आणि म्हणतात, "सांग." मी म्हटलं, माझं पाचवं शील, मद्याला शिवायचं नाही. तर म्हणतात, "वासाला शील लागत नाही. मीही तेच करत आलोय." घेतला वास. आता रोजचंच झालंय. कशाला हिरव्या सफरचंदाची फोड कापून ठेवल्यावर येतो तसा, कशाला भिजवलेल्या बदामाच्या सालीचा, कशाला सकाळच्या आंबिलीचा. नव्या माठातल्या पाण्याचाही एकदा आला, तेव्हा हे किती वेळ पेला धरून उभे होते. "माठ," एवढंच म्हणाले. खालच्या तपकिरी शेरीला तर गूळ आणि अक्रोड. खोटं कशाला लिहू, मला तो वास आवडला. बाबांची आठवण येऊनही आवडला.

हे आधी काही बोलत नाहीत, मास्तरासारखी परीक्षा घेतात. माझं उत्तर ऐकलं की मान हलवतात आणि पिंपावर खडूने खूण करतात. एक रेघ म्हणजे सायीखाली ठेवायची, दोन म्हणजे तपकिरीत पाठवायची, फुली म्हणजे बिघडली. परवा एका पिंपाला नेलपॉलिशचा वास आला. मी तोंड वाकडं करताच ह्यांनी फुली मारली, स्वतः हुंगलंसुद्धा नाही. आजपर्यंत मला एकदाही "चुकलीस" म्हणाले नाहीत. एवढी हुशार असेन असं वाटलं नव्हतं. शाळेत कोणी सांगितलं नाही ते.

फक्त खडूच्या रेघा बघवत नाहीत. जुन्या पिंपांवर वीतभर रेघा आहेत, ह्यांच्याच हातच्या. आताच्या बोटभरही नाहीत. "खडू काय सोन्याचा आहे का?" म्हटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

सांता क्लाराहून आत्ताच आलो. बुद्धभूषणच्या घरी धम्मचक्र प्रवर्तनाची चाळीस वर्षं साजरी केली. हा नागपूरचाच मुलगा, तिथे कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, त्याची बायको उपासना. वीसेक माणसं जमली होती. पांढरे कपडे, खीर, मुलं बेसमेंट नाही म्हणून जिन्यावर धुडगूस घालत.

बुद्धभूषणला सवय आहे, दर वर्षी काढतोच. "काका, अजून त्या दारूच्या फॅक्टरीतच का? सम्यक आजीविका म्हणून काही आहे की नाही, यार?" सगळे हसले. मी ताडकन म्हटलं, "तुझ्या काकांनी आयुष्यात थेंब गिळलेला नाही. तुझ्या ऑफिसातल्या शुक्रवारच्या बिअरचं काय ते सांग आधी." तो खीर वाढायला उठला. मी बोलले मोठ्याने, पण ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग ह्यांना मेणबत्ती लावायला पुढे बोलावलं. हात असा कापायला लागला की मेण गालिच्यावर सांडलं. उपासना माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, काकांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "ड्राइव्ह करून थकलेत." गाडी मी चालवली होती. माझं चौथं शील तिथेच मोडलं.

पंचशील म्हणताना मी मुद्दाम ह्यांच्या शेजारी बसले, कान देऊन. पाचवं, मद्याचं, हळू पण स्वच्छ म्हणाले. अडखळले ते चौथ्यावर, खोटं न बोलण्याच्या. तिथे ओठच हलले, आवाज नाही. म्हणजे काहीतरी लपवताहेत हे नक्की. दुसरं काय असणार? परतताना गाडीत विचारलं. झोपेचं सोंग घेतलं.

बॅग वर माळ्यावर होती ती खाली काढून ठेवलीय. ह्यांच्या डोळ्यांसमोरच ठेवलीय. खात्री पटली की ट्रॉयला, हर्षिताकडे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

हॉलिस वायनरी विकतोय. घेणारे सॅन फ्रान्सिस्कोचे. त्यांना टेबल वाईन हवी, शेरी हल्ली कोण पितं म्हणतात. पण हॉलिसने शब्द घेतलाय की आधी येऊन चाखून बघा, मग गोदामाचं ठरवा. चौदा नोव्हेंबरला येणार. त्यांच्यासमोर हेच बसणार. गोदाम राहिलं तर हे राहिले.

तेव्हापासून दोघं खपतोय. रोज दुपारभर मी हुंगतेय, हे खुणा करताहेत. रात्री जेवणावर माझं नाक बधिर असतं. पुढच्या ओळीतलं कुठलं पिंप सगळ्यात नाजूक आहे हे मी आता डोळे मिटून सांगेन. काल हे म्हणाले, "रत्ना, तुझ्याशिवाय जमलं नसतं." बावीस वर्षं माझ्याशिवायच जमत होतं की. पण ऐकून बरं वाटलं. बॅग हॉलमध्येच आहे, मात्र आज तिच्यावर धुतलेले टॉवेल ठेवले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सर्दी. नाक चोंदलंय, डोळे गळताहेत, अंगात ताप. शाळेला सुट्टी कळवली. ह्यांना म्हटलं, आज तुम्हीच जा, मला काही वासच येत नाहीये.

"काहीच नाही?" म्हणाले.

"काहीच नाही. सर्दी आहे ती, मरत नाहीये मी."

"गुरुवारपर्यंत येईल?" हे दोनदा विचारलं. मग स्वतः आल्याचा काढा केला, वाफारा दिला, टॉवेल धरून शेजारी बसले. हात कापत होता म्हणून गरम पाणी माझ्या पायावर सांडलं. मी ओरडले. एवढी काळजी कशाची? पहारा उठणार म्हणून खूश व्हायला हवं होतं. का खूशच आहेत आणि मला कळू देत नाहीत? चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिते. नाहीतर वेड लागेल.

सकाळपासून धुकं, समोरचं झाडही दिसत नव्हतं. मी येते म्हटलं तर ह्यांनीच नको म्हटलं, "नाक आहे का तुझं?" आणि गेले. दुपारी वायनरीतून डोरीनचा फोन, ऑफिसातली. "रत्ना, ज्ञानदेव आत्ता निघालाय. ही डझन्ट लुक राइट. पेला अंगावर सांडला, चालताना झोकांड्या जात होत्या, कोणाशी न बोलता गाडीत बसला. ही इज ड्रायव्हिंग, हनी."

माझ्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले. आणि रस्ता, शाळा सुटायची वेळ, धुक्यात रस्ता ओलांडणारी पोरं, त्यातली निम्मी माझ्या हातचं जेवणारी. एखादं गाडीखाली आलं तर? मी पोलिसांना नऊ-एक-एक लावला. "माय हजबंड इज ड्रायव्हिंग ड्रंक," म्हटलं. गाडीचा रंग, नंबर, रस्ता, सगळं सांगितलं. मी सांगितलं. माझ्या तोंडाने.

शेरीफच्या डेप्युटीने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्यांना आमच्याच कोपऱ्यावर अडवलं. निळे-लाल दिवे खिडकीतून दिसले तशी स्वेटर न घालता धावले. हे रस्त्याच्या कडेला उभे, कोट नाही, शर्टाचा पुढचा भाग ओला. डेप्युटी तरुण होता, नम्र होता. पांढऱ्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायला सांगत होता. ह्यांनी पाऊल उचललं, ते पुढे पडेचना. मग तीन-चार बारकी पावलं एकदम, आणि वळताना कोसळायला आले, डेप्युटीने धरलं. समोरच्या मिसेस कोरिया दारात उभ्या राहून बघत होत्या. नव्या मालकांसमोर बसायचं म्हणून मीच इस्त्री केलेला शर्ट तो.

मी जवळ गेले. वास घ्यायला बघितलं, पण नाक बंद. मला काही कळायला मार्गच नव्हता, फक्त डोळे होते, आणि डोळ्यांना दारुडा दिसत होता.

डेप्युटीने नळी तोंडात दिली, फुंकायला लावलं. यंत्राकडे बघितलं. नळी बदलून पुन्हा फुंकायला लावलं. मग ते यंत्र माझ्यापुढे धरलं.

शून्य. शून्य पॉइंट शून्य शून्य.

"मॅम, ह्यांनी काहीच घेतलेलं नाही," म्हणाला. मग आवाज उतरवून, "माझे अंकल असेच चालायचे. डॉक्टरला दाखवा. प्लीज."

हे माझ्याकडे बघत होते. फोन कोणी केला, हे डेप्युटीने त्यांना आधीच सांगितलं असणार. मी हाताला धरून घरी आणलं. मला हसावं की रडावं कळेना, कारण मनात पहिल्यांदा आलं ते हेच की प्यायले नाहीत! माझा माणूस प्यायलेला नाही! आणि लगेच दुसरं आलं, मग मी आज हे काय केलं?

१७ नोव्हेंबर, रविवार

हॉलिस घरी आला होता. टोपी हातात धरून सोफ्याच्या कडेवर बसला. त्यानेच सांगितलं. नव्या मालकांनी स्वतः नमुने काढले, खुणा दिसू नयेत म्हणून पेले नुसतेच मांडले. ह्यांनी एकेक उचलला, नाकाशी धरला, बोलले. आणि एका पेल्याला म्हणाले, "हा सगळ्यात सुंदर." तो फुली मारलेल्या पिंपातला होता. व्हिनेगर. लांबूनसुद्धा नाकात जात होता, हॉलिस म्हणाला. मग ह्यांच्या हातून पेला सुटला.

गोदाम जाणार. वाईन स्पिरिट काढायला पाठवतील, पिंपं कापून झाडं लावायला विकतील. ह्यांनी डिसेंबरपासून यायचं नाही. हॉलिस जाताना रडला. गावात शेरीफची गोष्ट पसरलीय हेही त्यानेच सांगितलं, शून्याची मात्र कोणी सांगत नाही.

तो गेल्यावर मी ह्यांच्यापुढे जमिनीवर बसले. "वास येत नाही ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षाच्या हंगामाआधीपासून. आधी थोडा थोडा, मग काहीच नाही."

म्हणजे ते सगळं "सांग, सांग" परीक्षा नव्हती. ह्यांनी स्वतःच्या नाकाच्या जागी माझं नाक लावलं होतं. आणि मी स्वतःला हुशार समजत होते!

"मग मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला दारुडा म्हणत होते, ऐकून घेत होतात! बॅग काढली, तरी गप्प!"

मग म्हणाले, "नाक गेलं म्हटलं की काम गेलं. आणि तू चिडलेली मला चालतेस, रत्ना. तू चिडलीस की वाटतं घरात सगळं ठीक आहे. घाबरलेली नको होतीस."

मी घाबरले. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्यांचा हात माझ्या केसांवर होता, थरथरत. बाबांची थरथर वेगळी होती हे मला आज कळलं. बाबांची पेल्याने थांबायची. ही, हात माझ्या डोक्यावर ठेवला तेव्हा, थांबली नाही, पण थोडी कमी झाली.

बॅग परत माळ्यावर टाकली.

१० डिसेंबर, मंगळवार

सॅक्रामेंटोला जाऊन आलो. मेंदूचे डॉक्टर. बरोबर एक शिकाऊ मुलगी होती, डॉक्टर होणारी. ह्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर एक वाक्य लिहायला लावलं. ते शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं. मग डॉक्टर सवयीचे प्रश्न विचारायला लागले. कुठली औषधं, घरात कोणाला असं होतं का, झोप कशी. आणि मान वर न करता, "डझ ही ड्रिंक?"

ह्यांनी तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज निघायला वेळ लागतो. मीच बोलले. "नेव्हर," म्हटलं. "नॉट वन ड्रॉप. इन हिज होल लाइफ." इतक्या जोरात की बाहेरच्या नर्सने आत डोकावून बघितलं. डॉक्टर पेन धरून थांबले. मला वाटतं एवढं त्यांना नको होतं, हो की नाही एवढंच हवं होतं. पण मी आणखी एकदा म्हटलं. शेरीफच्या माणसासमोर म्हणायला हवं होतं, डोरीनला फोनवर म्हणायला हवं होतं, ते तिथे म्हटलं.

मग ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी हसतील. किमान डोळ्यांनी तरी "झालं गं, सोड" म्हणतील. एक रेघ हलली नाही. दगड.

आजाराचं नाव पार्किन्सन. पायाचं, हाताचं, आवाजाचं, वासाचं, सगळं त्यातच येतं म्हणाले. बरा होत नाही, गोळ्यांनी काही वर्षं सांभाळता येतो. निघताना डॉक्टर त्या मुलीला हळूच म्हणाले, "लुक ॲट द फेस." तिने तेही हात, पाय, आवाज ह्यांच्या यादीखाली वहीत टिपून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसालासुद्धा ह्यांच्या चेहऱ्यावरचा माझ्यावरचा राग दिसला.

घरी येईपर्यंत चार वेळा तिरकं बघितलं. तसाच चेहरा. जेवताना "भाजी छान झालीय" म्हणाले, हळूच, आणि तेव्हाही तसाच. हर्षिताचा फोन आला, तिला आजाराचं सांगितलं, रागाचं नाही सांगितलं. तो माझा आणि ह्यांचा प्रश्न आहे.

बरोबरच आहे ह्यांचं. बायको पोलिसांना फोन करते म्हणजे काय! दुसरा कोणी असता तर तोंड बघितलं नसतं. मी काही माफी-बिफी मागून पिच्छा पुरवणार नाही. उद्या सकाळी गोळी देईन, चहा देईन, समोर बसेन. राग कधीतरी उतरेलच की. चेहऱ्यावर दिसेल तेव्हा दिसेल, मला घाई नाही.